रंभाबाईंवर ठेवलेला शब्द

रंभा सोनकांबळे पहिल्यांदा वाचनालयात आल्या तो गुरुवार होता. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळे आमच्याकडे वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसायला जागा नसते आणि माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं असतं. आकुर्डीतल्या या वाचनालयात मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहे. या काळात माणसांना दारातच ओळखण्याची एक वाईट सवय मला लागली आहे.

पंचेचाळीसच्या आसपासची बाई. अंगावर कंपनीचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकची फाइल.

"मॅडम, इंग्रजी शब्दांचं सगळ्यात मोठं पुस्तक कोणतं हाय तुमच्याकडं?"

मी नोंदवही पुढे सरकवली. त्यांनी पेन उचललं, ते बोटांतून निसटलं. परत उचललं, परत निसटलं. मागे दोघे जण उभे होते. मी म्हणाले, "सही येत नसेल तर राहू द्या, मी लिहिते नाव."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ती नजर मी अजून विसरलेले नाही. "धावी पास हाय मी," त्या म्हणाल्या. "हात चालंना."

मग डाव्या हातानं, लहान मुलासारख्या वाकड्यातिकड्या अक्षरांत त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. उठून कोश आणायला गेले.

रंभाबाई मूळच्या अहमदपूर तालुक्यातल्या. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर इकडे आल्या. आधी भोसरीत एका शेडमध्ये पॅकिंग केलं, मग चाकणला गाड्यांच्या दारांची आतली पॅनेलं बनवणारी एक कंपनी सुरू झाली, तिथं लागल्या आणि तिसऱ्या वर्षी कायम झाल्या. बायकांमध्ये कायम होणं सोपं नव्हतं. नवरा रिक्षा चालवतो, घर मोशीत. रंभाबाईंचं काम एकच: पॅनेलच्या मागच्या भोकांत प्लास्टिकच्या क्लिपा अंगठ्यानं दाबून बसवायच्या. एका दाराला नऊ क्लिपा. एका शिफ्टला तीनशेच्या वर दारं. अशी नऊ वर्षं.

दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि त्यापुढचं अर्धं बोट बधिर झालं. सकाळी उठलं की हात दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा. भाकरी थापताना पिठाचा गोळा परातीत आहे की नाही हे बघून कळायचं, हाताला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "भाकरीच्या टायमालाच बरा दुखतोय!" नवरा मान खाली घालून जेवत राहिला. तेही रंभाबाईंना झोंबलं.

कंपनीत क्लिपा अर्धवट बसायला लागल्या. पुढच्या स्टेशनवरून पॅनेलं परत यायला लागली. सुपरवायझर ओरडायचा. रंभाबाई कंपनीच्या डॉक्टरकडे तीनदा गेल्या. डॉक्टर टेबलापलीकडून विचारायचे, लिहायचे आणि मलमाची ट्यूब द्यायचे. चौथ्या वेळी त्यांनी हलकं काम मागितलं. त्यानंतर आठच दिवसांनी एचआरमधले गणराज पाचर्णे यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक पत्र समोर ठेवलं. वर मोठ्या अक्षरांत आरोपपत्र असं इंग्रजीत छापलेलं. खाली दीड पानभर मजकूर, तोही इंग्रजीत. त्यातला एक शब्द ठळक टायपात होता: मॅलिंगरिंग.

"सर, ह्याचा अर्थ काय?"

"सही करा मावशी. पत्र मिळालं एवढीच सही आहे. उत्तर द्यायला तीन दिवस आहेत तुम्हाला."

"पर अर्थ?"

"अर्थ काय पळून चाललाय का?" पाचर्णे म्हणाले आणि मोबाइलकडे वळले.

रंभाबाईंनी सही केली. सहीखाली डाव्या हातानं मराठीत लिहिलं: अर्थ कळला नाही.

पुढचा भाग त्यांनी मला नंतर सांगितला. त्यांना वाटलं, हे त्यांच्या दुखण्याचं नाव आहे. मलेरिया असतो, सांधेवात असतो, तसं हे मॅलिंगरिंग. डॉक्टरनं शेवटी रोग ओळखला. पत्रात रजेबद्दल, हलक्या कामाबद्दल काहीतरी लिहिलं असेल. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला जवळजवळ आनंदानंच सांगितलं, "माझ्या हाताला काय झालंय ते कळलं. इंग्रजी नाव हाय त्याला." जावेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर त्यांनी उद्धवरावांना पत्र दाखवलं. उद्धवराव सुरक्षारक्षकांचे प्रमुख, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि पत्र घडी करून परत दिलं.

"कुठला रोग हाय ओ हा?" रंभाबाईंनी विचारलं.

"रोग नाही, ताई." उद्धवराव रस्त्याकडे बघत होते. "हा शब्द मला ठाऊक आहे. फौजेच्या कायद्यात आहे हा. ड्यूटी टाळायला जो आजाराचं सोंग करतो ना, त्याच्यावर लावतात. याच्यावर कोर्ट मार्शल होतं."

"सोंग?"

"हं."

मागून बस आत येत होती, हॉर्न वाजवत होती. रंभाबाई गेटच्या मधोमध उभ्या राहिल्या. उद्धवरावांनी हाताला धरून बाजूला घेतलं, आणि नेमका उजवा हातच धरला. रंभाबाईंना तो धरलेला कळलाही नाही.

त्या दिवशी त्यांनी पूर्ण शिफ्ट केली. क्लिपा मनगटानं, कोपरानं दाबून बसवल्या. पण डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. ज्या शब्दाला त्या घरी मिरवून आल्या, तो शिवी होता. "ताई, मला कुणी तोंडावर ढोंगी म्हणलं असतं तर मी तिथंच उत्तर दिलं असतं," त्या मला म्हणाल्या. "ह्यांनी शिवी दिली आणि मी खाली सही करून आले."

म्हणून त्यांना मोठं पुस्तक हवं होतं. उद्धवरावांवर विश्वास नव्हता असं नाही, पण सगळं छापील बघायचं होतं.

मी कोशाचा जाडजूड खंड टेबलावर ठेवला. शब्द सापडला. अर्थ उद्धवरावांनी सांगितला तोच होता. तेवढ्यावर मी पुस्तक मिटलं असतं, पण खाली बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ दिलं होतं आणि माझी नजर तिथं गेली. मी मोठ्यानं वाचत, मराठी करत गेले. शब्द फ्रेंचमधून आलेला. फ्रेंचमध्ये मॅलँग्र म्हणजे आजारी, अशक्त, खंगलेला. आजही तिकडे त्याचा तोच अर्थ आहे.

"थांबा," रंभाबाई म्हणाल्या. "परत वाचा."

मी परत वाचलं.

"खरंच आजारी?"

"खरंच आजारी. सोंग नाही."

"मग सोंग कधी शिरलं त्यात?"

ते त्या कोशात नव्हतं. तो गुरुवार आणि पुढचे दोन गुरुवार आम्ही दोघींनी मिळून तो शब्द धुंडाळला. माझ्याकडे भाषेवरची जुनी पुस्तकं आहेत, वर्षानुवर्षं त्यांना कुणी हात लावत नाही. तीही काढली. हळूहळू एक रस्ता दिसायला लागला. आधी खंगलेला माणूस. मग पॅरिसच्या रस्त्यांवर जखमा उघड्या ठेवून भीक मागणारे. लोकांनी ठरवलं की त्यांच्या जखमा रंगवलेल्या असतात, आणि त्यांना याच शब्दाच्या घराण्यातलं नाव पडलं. मग अडीचशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बाजारू बोलीच्या एका कोशात तो दिसतो: दुखण्याचं निमित्त करून कामाला चुकणारा शिपाई. पुढे तो लष्करी डॉक्टरांच्या तोंडी बसला, तिथून तुरुंगात गेला. आणि विलायतेत कारखान्यात जखमी होणाऱ्या कामगारांना भरपाई देण्याचे कायदे झाले, तेव्हा डॉक्टरांनी या एका शब्दावर जाड पुस्तकं लिहिली. कामगाराचं खोटं दुखणं कसं पकडावं याची पुस्तकं.

रंभाबाई ऐकत होत्या. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"म्हणजे बघा," त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर हा शब्द पडला तो दर वेळी गरीबच. भिकारी, शिपाई, कैदी, आमी. सायबाला कधी मॅलिंगरिंग झालेलं लिहिलंय का कुठं?"

मी शोधलं. मला सापडलं नाही.

"आणि फिरवला कुणी? ज्यानं हात बघायचा असतो त्यानंच."

मी शब्दांवर प्रेम करणारी बाई. एखाद्या शब्दाचा अर्थ शतकानुशतकं कसा सरकत जातो हे वाचायला मला नेहमी गंमत वाटत आली होती. त्या दिवशी नाही वाटली. अर्थ आपोआप सरकत नाहीत. कुणीतरी खांदा लावून ते ढकलतं, आणि पलीकडे कुणीतरी चिरडलं जातं. मला स्वतःचीही चीड आली. पेन निसटलेलं पाहून मी दोन सेकंदांत त्या बाईचा निकाल लावला होता. माझ्याजवळ फक्त तो इंग्रजी शब्द नव्हता, एवढंच.

रंभाबाईंनी दोन गोष्टी केल्या. विमा रुग्णालयात जाऊन, तीन खेपा घालून, नसांची तपासणी करून घेतली. मनगटातली नस दबलेली होती, आणि बरीच दबलेली होती. आणि तीन दिवसांची मुदत संपायच्या आतच कंपनीला एक अर्ज दिला होता: आरोपपत्र मला समजेल अशा भाषेत, मराठीत द्यावं.

एवढासा अर्ज, पण त्यानं पाचर्ण्यांची पंचाईत केली. त्यांनी पाठवलेलं पहिलं भाषांतर माझ्याकडे आहे. सगळा मजकूर मराठीत, आणि मधोमध देवनागरीत तोच शब्द: 'आपण मॅलिंगरिंग करीत असल्याचे व्यवस्थापनाच्या निदर्शनास आले आहे.' रंभाबाईंनी परत अर्ज दिला. दुसरं भाषांतर आलं: 'आपण कामात टाळाटाळ करीत असल्याचे.' रंभाबाईंनी कंपनीच्या नियमांची प्रत मागून घेतली होती. त्यात टाळाटाळीचं कलम वेगळं, मॅलिंगरिंगचं वेगळं. त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज दिला: 'दोन्हीपैकी माझा गुन्हा कोणता ते कळवावे.'

पाचर्ण्यांनी त्यांना बोलावून घेतलं. बरोबर वर्षाली होती. लाइनवर शेजारी उभी राहणारी, अंतर्गत चौकशीत त्यांची बाजू मांडणारी सहकारी.

"मावशी, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"मराठीत लिवा."

"काय लिहू?"

"जे म्हणायचंय ते. रंभा सोनकांबळे ढोंगी हाय. आजाराचं सोंग करती. लिवा आणि सही करा."

वर्षाली सांगते, पाचर्णे लालबुंद झाले. "असं कसं लिहिणार? ही काय ऑफिसची भाषा आहे?"

"कामून? अर्थ तोच हाय ना?"

"अर्थ तोच असला तरी..."

"मग इंग्रजीत लिवताना हात कसा न्हाई कापला तुमचा?"

पाचर्ण्यांनी ते वाक्य शेवटपर्यंत मराठीत लिहिलं नाही. हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, असं मला वाटतं. आपल्या आईच्या वयाच्या बाईला आपल्या आईच्या भाषेत ढोंगी म्हणणं त्या माणसाला जमत नव्हतं. परक्या भाषेचा हातमोजा घातला की सहज जमत होतं.

चौकशी मार्चमध्ये सुरू झाली, प्रशिक्षणाच्या खोलीत. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे वकील होते, त्यांनाही कंपनीनंच नेमलेलं. रोजच्या कामकाजाची टाइप केलेली प्रत दोन्ही बाजूंना मिळते, त्यामुळे काय काय बोललं गेलं ते मला वाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी कंपनीचे डॉक्टर साक्षीला आले. त्यांचं म्हणणं लेखी होतं: कामगार कामास तंदुरुस्त, तक्रारीला आधार नाही.

वर्षालीनं प्रश्न लिहून आणले होते, पण रंभाबाईंनी कागद बाजूला सारला.

"डॉक्टरसाहेब, मी तुमच्याकडं किती येळा आले?"

"नोंदीप्रमाणे चार."

"चार येळात माझा हात तुमी हातात घेतला का?"

"लक्षणं ऐकून..."

"हातात घेतला का?"

चौकशी अधिकारी म्हणाले, हो किंवा नाही सांगा.

"नाही."

"मग आता घ्या."

प्रतीत इथं फक्त एवढंच टाइप केलंय की आरोपित कामगाराने दोन्ही हात साक्षीदारासमोर ठेवले. वर्षालीनं बाकीचं सांगितलं. रंभाबाईंनी दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवले. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली आपल्या सगळ्यांना असतो तसा मांसाचा उंचवटा होता. उजव्या हाताला तो नव्हता. तिथं खड्डा होता, कातडीखालचं हाड दिसावं असा. नस इतकी दबलेली की स्नायूच वाळून गेला होता. नऊ वर्षांच्या क्लिपांनी तो खाल्ला होता.

"सोंग म्हणजे काय, ते मला ठाऊक हाय," रंभाबाई म्हणाल्या. "रडायचं सोंग करता येतं. लंगडायचं येतं. हे मांस गायब करायचं सोंग कसं करत्यात? तुमी शिकलेले हाव, तुमी सांगा."

डॉक्टरांनी हात पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हे मला आधी दाखवायला हवं होतं."

वर्षाली म्हणते, त्या क्षणी रंभाबाई टेबल उलथून टाकतील असं तिला वाटलं. त्यांनी टेबलावर डावी मूठ एकदाच आपटली. पाण्याचा ग्लास पडला. "चार येळा दाखवाय आले होते! चार येळा! तुमी मलम दिलं!"

टाइप केलेल्या प्रतीत लिहिलंय: आरोपित कामगाराने आवाज चढवला. तिला समज देण्यात आली.

समज तिला देण्यात आली. हे वाचून मी तो कागद चुरगाळला होता. मग इस्त्री केल्यासारखा हातानं सपाट केला, कारण प्रत परत द्यायची होती.

निकाल लागलाच नाही. चौकशीच्या तिसऱ्या तारखेच्या आधी कंपनीनं आरोपपत्र मागे घेतलं. पत्र या वेळी मराठीत होतं, दोन ओळींचं: प्रशासकीय कारणास्तव सदर आरोपपत्र मागे घेण्यात येत आहे. चूक झाली असं नाही, माफी तर नाहीच. रंभाबाईंनी माफीसाठी अर्ज दिला, त्याला उत्तर आलं नाही. मेमध्ये मनगटाची शस्त्रक्रिया झाली. बोटांत बरीच जाणीव परत आली. अंगठ्याखालचा खड्डा भरला नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, इतक्या उशिरा आल्यावर तो भरत नाही. आता त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलंय, डोळ्यांचं काम. क्लिपांच्या जागेवर दुसरी बाई आहे. दारं तेवढीच, क्लिपाही तेवढ्याच.

जावेशी त्या अजून धड बोलत नाहीत. नवऱ्यानं मात्र एक केलं. शस्त्रक्रियेनंतर दीड महिना भाकऱ्या त्यानं थापल्या, जाड आणि कच्च्या, आणि कुणालाही नावं ठेवू दिली नाहीत.

मला वाटलं होतं, आता त्यांचा राग निवेल. एका गुरुवारी मी तसं म्हटलंही, "चला, शब्द तर मागे घ्यायला लावलात."

"माझ्यावरचा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्यांच्या लाइनवरच्या दोघींचं सांगितलं. दोघी ठेकेदाराकडच्या, दोघींचे हात असेच बधिर व्हायला लागलेले. त्यांना कुणी आरोपपत्र दिलं नाही. चौकशी नाही, अर्ज नाही, इंग्रजी नाही, मराठी नाही. एका सकाळी गेटवर त्यांचं कार्ड यंत्रानं घेतलं नाही. उद्धवरावांनी आत फोन केला, तर सांगण्यात आलं की ही नावं आमच्याकडे नाहीत. एक गावी परत गेली. दुसरी, विजयश्री, रावेतला सोसायटीत धुण्याभांड्याची कामं करते.

"तिला तर ढोंगी म्हणायचीसुद्धा गरज पडली न्हाई त्यांना," रंभाबाई म्हणाल्या.

गेल्या महिन्यात त्या विजयश्रीला घेऊन कुरुळीला ठेकेदाराच्या ऑफिसात गेल्या. तो खुर्चीवरून उठलाही नाही. म्हणाला, "तुम्ही कोण हिच्या?" रंभाबाई म्हणाल्या, "एकाच लाइनीवरच्या." त्यानं हजेरीचे कागद दाखवायला नकार दिला. त्या बाहेर पडल्या नाहीत. दोघी त्याच्या टेबलासमोर दोन खुर्च्या ओढून बसल्या. दुपारी तो जेवायला गेला आणि परत आला, तेव्हाही त्या तिथंच होत्या. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यानं कपाट उघडलं आणि हजेरीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढू दिले. विजयश्रीचं नाव सव्वीस महिने सलग आहे.

कामगार आयुक्तांकडे द्यायचा अर्ज आम्ही परवा लिहिला. मी लिहीत होते, विजयश्री सांगत होती. एका ठिकाणी मी सवयीनं लिहिलं, 'हाताला त्रास होत असल्याचे भासते'.

रंभाबाईंनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं, 'होत असल्याचे भासते' खोडलं आणि वर लिहिलं: होतो.